फोंड्याजवळचा लाठी-पट्ट्याचा वर्ग: सात महिने, एक डावखुरी मुलगी आणि बरीच चौकशी

गोव्यातल्या फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं गोळ्यांची स्ट्रिप पालथी करून बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघत आलेय, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी पालथी करायची खोड लागली आहे. लेकीला लाठीच्या वर्गाला घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनाही तसंच पालथं करून बघितलं. नवरा म्हणाला, "वर्ग शोधतेस की स्थळ?"

सुरुवात झाली फर्मागुडीला, शिवजयंतीच्या दिवशी. एक दहावीतली वाटावी अशी मुलगी दोन्ही हातांत दांडपट्टे घेऊन फिरत होती आणि आमची बारा वर्षांची लेक तोंड उघडं टाकून बघत होती. घरी येईपर्यंत कारमध्ये एकच धोशा, मला पट्टा शिकायचाय. महाराष्ट्रात २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं, तेव्हापासून आपल्याकडच्या मिरवणुकांतही तो जास्त दिसायला लागलाय असं मला वाटतं. दिसायला लागला की शिकवणारे उगवतातच. मार्च-एप्रिलमध्ये तीन ठिकाणं बघितली. दोन सोडली, तिसऱ्या ठिकाणी मे महिन्यापासून लेक जातेय. हे लिखाण त्या तिसऱ्याबद्दल आहे, पण पहिल्या दोघांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय तिसरा का आवडला ते कळणार नाही.

पहिला वर्ग चकाचक. खाली मॅट, भिंतीवर आरसे, एसी. आणि एका भिंतीवर चौदा प्रमाणपत्रं, फ्रेम करून. लेक आत मुलांचं बघत बसली होती तोवर मी चौदाही वाचली. आमच्या धंद्यात भिंतीवरच्या प्रमाणपत्राची गंमत मला ठाऊक आहे. भिंतीवर नाव एकाचं आणि काउंटरला दुसराच, अशी दुकानं मी बघितली आहेत. इथे नाव तरी त्यांचंच होतं. नऊ प्रमाणपत्रं कराटेची. त्यात तिसरा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली तिसरी पायरी, आणि तो खराच असावा, कारण मुलांचे ठोसे बघण्यासारखे होते. दोन पंचगिरीची, एक योगाचं. उरली दोन: गटक्याची, म्हणजे पंजाबच्या काठी-तलवारीच्या खेळाची, तीन दिवसांची कार्यशाळा, आणि लाठीचं पाच दिवसांचं शिबिर. त्या पाच दिवसांच्या कागदावर नावाखाली लिहिलं होतं 'मास्टर ट्रेनर'.

आता डॅनचा हिशेब सरळ आहे. ज्युदो उभा करणाऱ्या जिगोरो कानो यांनी १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला, तिथून ही पद्धत निघाली आणि पुढे कराटेवाल्यांनी उचलली. म्हणजे ज्या विद्येत तो मिळाला त्या विद्येपुरता तो चालतो. कराटेतला तिसरा डॅन हातात पट्टा देत नाही. दातांच्या डॉक्टरने चष्म्याचा नंबर काढून द्यावा तसं ते होईल. डॉक्टर खरा, नंबर चुकलेला.

मी विचारलं, "सर, पट्टा कोणाकडे शिकलात?"

"मॅडम, ही आपली परंपराच आहे."

"ती आहेच. पण तुम्हाला कोणी शिकवला?"

त्यावर त्यांनी मला पत्रक दिलं. पत्रकावर 'गोव्याची पाचशे वर्षांची युद्धकला' असा मथळा आणि खाली शिगम्यातल्या घोडेमोडणीचा फोटो. इथेच त्यांचं नशीब फिरलं, कारण मी माहेरची डिचोलीची. माझे वडील ऐन तरुणपणी घोडेमोडणीत होते. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, हातात उघडी तलवार, आणि ढोल-ताशावर पुढे-मागे पावलं. पत्रक मी त्यांना नेऊन दाखवलं. चष्मा चढवून त्यांनी ते सावकाश वाचलं आणि हसत सुटले. म्हणाले, "बाय, आम्ही तलवार नाचवली. चालवली कोणी?"

घोडेमोडणी राणे घराण्याच्या पोर्तुगिजांवरच्या विजयाची आठवण म्हणून सांगतात आणि तिचा मान मोठाच आहे. पण ती नाचणाऱ्यांपैकी कोणी मी शस्त्रविद्या शिकवतो असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या दैवताचा फोटो आपल्या दुकानावर लावल्यातला प्रकार.

दुसरं ठिकाण किनाऱ्याकडचं, तिथे फार वेळ घालवत नाही. कलारीपयट्टू, बारा दिवसांचा कोर्स, शेवटी 'शिक्षक' म्हणून कागद. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात कलारी होती, त्यामुळे नाव सगळ्यांच्या कानावरून गेलंय. पण केरळात ही विद्या ज्या क्रमाने देतात तो क्रमच बारा दिवसांत बसणारा नाही. आधी मेय्तारी, म्हणजे नुसतं शरीर. मग कोल्तारी, लाकडाची हत्यारं. मग अंकतारी, लोखंड. आणि नि:शस्त्र लढत सगळ्यात शेवटी. आपल्याला वाटतं रिकामे हात सोपे, ते तिथे पुढच्या इयत्तेत ठेवलेत. वडकराच्या मीनाक्षी अम्मा सात वर्षांच्या असताना कलारीच्या आखाड्यात उतरल्या आणि २०१७ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या, तरी शिकवत होत्या. बारा दिवसांवर मी काही बोलले नाही. तिथली लिंबू-सोडा मात्र चांगली होती.

तिसरा वर्ग कळला तो दुकानातच. एक बाई मुलाच्या घोट्याला लावायला मलम न्यायला आली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, लाठी लागली, स्वतःचीच. मला का कोण जाणे, हे ऐकून बरं वाटलं. फोंड्याहून बाणस्तारीच्या वाटेला लागलं की एका देवळाच्या अग्रशाळेसमोर, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीसमोर, मोठं आवार आहे, तिथे हा वर्ग भरतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. शिकवणारे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत, वय चाळिशीच्या आतबाहेर, मूळचे सत्तरी तालुक्यातले. कारखान्याच्या निळ्या शर्टातच येतात, झाडाआड बदलून बाहेर पडतात. मुलं 'सर' म्हणतात, ते 'दादा म्हणा' म्हणतात, मुलं तरी 'सर'च म्हणतात.

आमचं बोलणं कोकणीत झालं, लिहितेय मराठीत, आपल्याकडच्या रीतीने. कोणाकडे शिकलात, हा माझा प्रश्न त्यांनी पुरा होऊ दिला नाही. कोल्हापूरला नोकरीला सहा वर्षं होते. खोलीजवळच तालीम होती. पहिलं वर्ष वस्तादांनी नुसती माती कालवायला, झाडायला लावली आणि कोपऱ्यात पवित्रे करायला लावले. मग तीन वर्षं लाठी. मग फरी-गदगा, म्हणजे चामड्याची ढाल आणि तलवारीच्या जागी काठी. पट्टा शेवटच्या दीड वर्षात. गोव्यात परत आल्यावरही दर दसऱ्याला जातात.

"आणि विटा?" मी विचारलं. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा. यूट्यूबवर बघून गेले होते, म्हटलं जरा माहितगार दिसू.

"तें म्हाका येना, वयनी."

बस, एवढंच. स्पष्टीकरण नाही, लाज नाही. चौदा फ्रेमांच्या भिंतीसमोर मला हे एक वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. शिवाय त्यांनी न मागता वस्तादांचा फोन नंबर दिला. कागद माझ्याकडे नाही, म्हणाले, आमच्या तालमीत कागद नव्हताच; पाहिजे तर यांना विचारा.

मी खरंच विचारलं. दुपारी दुकान रिकामं असताना फोन लावला. पलीकडे म्हातारा आवाज, मधे मधे खोकला. गोव्यातून बोलतेय, लेकीला घालायचंय, असं सांगितलं. पलीकडून आधी एक लांब "बरंऽऽ" आलं. मग म्हणाले, "लाठी घ्या त्येच्याकडनं, डोळं झाकून. फरी-गदगा चांगला हाय. पट्टा दिलाय, पर अजून हात कच्चा हाय, त्येला म्हाईत हाय. इटा न्हाई दिला. इटा शिकवतो म्हनला तर मला परत फोन करा." आणि जाता जाता, "पोरगी हाय न्हवं? पोरी लवकर शिकत्यात. नेट लावत न्हाईत उगंच."

औषधाच्या स्ट्रिपवर सुद्धा इतकी सविस्तर माहिती नसते.

कागद नसणं हा दोष नाही, हे मला त्या फोननंतर कळलं. तालमीत कोण कोणाचा पठ्ठा हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तीच नोंद. संस्थेतून शिकलेले उस्तादही आहेतच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि १९३६ साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं होतं. तिथल्या शिक्षकाकडे कागद असेल, कोल्हापूरच्या तालमीतल्याकडे नसेल. दोघांकडे एक नाव मात्र असायला हवं, ज्याला फोन लावता येतो.

आता वर्गात काय होतं ते. पहिला दीड महिना आमच्या लेकीच्या हातात काही आलंच नाही. जमिनीला हात लावून नमस्कार, मग पवित्रे. पाय कुठे, भार कुठे, वळताना टाच उचलायची की पंजा, एवढंच. दोन आया कंटाळून मुलांना घेऊन गेल्या. आमची रोज रुसून यायची. दीड महिन्यानंतर लाठी मिळाली, तीही मोजून: उभं राहून कानापर्यंत. वेताची, बांबूची नाही. बांबू आपटून आपटून उभा चिरतो आणि त्याची कुसळं तळहातात, नशीब वाईट असलं तर डोळ्यात जातात. वेत तुटला तरी झाडूसारखा पिंजतो. सर कोल्हापूरहून वेत आणतात, गाठी घासून देतात आणि तेल लावायचं काम पालकांवर सोपवतात. आमच्या बाल्कनीत आता दर रविवारी काठीला खोबरेल लागतं. माझ्या केसांना लागत नाही.

खरी गंमत पुढे झाली. आमची लेक डावखुरी. लाठी एका हाताने फिरवायला लागल्या तशी रांगेत तिची काठी शेजारणीच्या काठीवर आदळायची, कारण सगळ्यांची चक्रं एका बाजूने आणि हिचं उलट. सरांनी सांगितलं, उजव्या हाताने कर. दोन आठवडे तिने केलं. घोटे निळे. रात्री मला म्हणाली, "आई, माझा हात चुकीचा आहे का?" मी शनिवारी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण मी काही बोलायच्या आधीच सर म्हणाले की वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणाले होते, पट्टा दोन्ही हातांत धरायचा असतो, मग डावा हात मेलेला कसा चालेल? पोरीचा हात बदलू नको, तुझा शिक.

आणि मग त्या माणसाने वीस पोरांसमोर लाठी डाव्या हातात घेतली. उजव्या हातात जी काठी दिसतही नाही, नुसता वारा ऐकू येतो, तीच डाव्या हातात अडखळली आणि फाडकन त्यांच्याच कानशिलावर बसली. पोरं खिदळली. तेही हसले, कान चोळला, परत सुरू केलं. पुढचे पंधरा दिवस घरी करत असावेत, कारण त्यानंतर लेकीला समोर उभं करून आरशासारखं शिकवायला लागले. आता शेवटची दहा मिनिटं सगळ्या वर्गालाच डाव्या हाताने फिरवावी लागते. बाकीची पोरं आमच्या लेकीकडे रागाने बघतात.

पट्टा तिला अजून मिळालेला नाही, वर्षभर मिळणारही नाही. पण खंडेनवमीला पेटीतून काढून पूजेला लावला तेव्हा सरांनी मला हातात घालून बघू दिला. कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण, आत आडवी मूठ, वर हाताला बांधायची पट्टी. मूठ धरली आणि लक्षात आलं की मनगट गेलं. ते वळतच नाही. पुढे लवलवतं लांब पातं आणि ते हलवायला फक्त कोपर, खांदा आणि कंबर. मी जरासा फिरवला तर पातं माझ्याआधी निघालं आणि मी त्याच्यामागे ओढले गेले. दीड महिना पाय का घोटून घेतले ते मला त्या एका गिरकीत कळलं. पातं बोथट केलेलं, टोक गोल. त्या दिवशी एक उत्साही वडील म्हणाले की ऑनलाइन खरी तलवार मागवतो, पोराला घरी सराव होईल. सरांनी त्यांना बाजूला नेलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत तलवार येते, भाला येतो, घरकाम-शेतीची सोडून ९ इंचांहून लांब पात्याची सुरीही येते, असं काहीसं समजावत होते. त्याच गृहस्थांना हातावर लिंबू ठेवून कापायचा खेळ गॅदरिंगला हवा होता. त्यावरचं उत्तर आम्ही सगळ्यांनी लांबूनच ऐकलं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. वेळ सहाची असली तरी शिफ्ट सुटून येईपर्यंत सव्वासहा-साडेसहा होतात आणि संपताना मात्र देवळाच्या आरतीमुळे साडेसातला संपतंच. पावसाळ्यात आवारात शेवाळ धरतं; जून-जुलैत पाच-सहा वर्ग बुडाले, उरलेले अग्रशाळेच्या व्हरांड्यात झाले, तिथे लाठी छताला लागते म्हणून नुसते पवित्रे. मुलींना कपडे बदलायला जागा नाही. प्रथमोपचाराची पेटी नव्हती. एका मुलाची बोटाची पेरं सोलवटली तेव्हा हळद शोधत होते, ते बघून मीच एक पेटी भरून नेऊन दिली आणि दर महिन्याला त्यातली एक्स्पायरी तपासते. (हो, तिथेही.) सर बोलतात फार कमी. चुकलं तर येऊन काठीच्या टोकाने पाय सरकवतात, का ते सांगत नाहीत. लेकीला ते चालतं, पण लहान, बुजऱ्या मुलाला ओरडा बसल्यासारखं वाटू शकतं. एकदा मी तसं बोलले, तर मान हलवली आणि पुढच्या मुलाचा पाय काठीनेच सरकवला.

फी महिना आठशे. पावसाळ्यात बुडालेल्या वर्गांचे पैसे त्यांनी परत दिले, न मागता, पाकिटात घालून. वेताची लाठी वेगळी, साडेचारशे. गणवेश नाही, ट्रॅक पँट आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट चालतो, ओढणी आणि कानातले लोंबते डूल चालत नाहीत. परीक्षा नाही, कराटेसारखे रंगीत कमरपट्टे नाहीत, प्रमाणपत्र नाही. शाळेत क्रीडागुण लावून घ्यायचे असतील तर इथे येऊ नका. पार्किंग भरपूर, पण देवळाचा उत्सव असेल तेव्हा बाहेर रस्त्यावर.

पाचपैकी चार. एक गुण व्हरांड्याच्या छताने खाल्ला.

यंदा दसऱ्याला सर नेहमीप्रमाणे कोल्हापूरला जाऊन आले. आल्यावर मी सहज विचारलं, विटा मिळाला का? म्हणाले, वस्तादांनी दोरी हातात दिली, भाला दिला नाही. वर्षभर नुसती दोरी फेकायची आणि ओढायची. तेव्हापासून मुलं यायच्या आधी कोणी लवकर पोचलं तर दिसतात, आवारात एकटेच, निळ्या शर्टात, दोरी फेकताना.

कोणाला मुलांना घालायचं असेल तर एक सूचना: काठी आधी विकत घेऊन जाऊ नका. मुलाला भिंतीला उभं करून ते कान मोजतात, आणि सहा महिन्यांनी परत मोजतात. आमची तेवढ्यात दोन बोटं वाढली, जुनी काठी आता लेकीहून बुटक्या एका मावशीकडे गेली आहे, छत्तीसाव्या वर्षी शिकायला लागलेल्या.